बेटकुळी आणि उंदीर : प्रस्तावना

दंड वाकवून मूठ घट्ट आवळली की वर येते ती बेटकुळी. काही घरांत अजून 'बेडकुळी' म्हणतात आणि त्या उच्चारात शब्दाचे मूळ ऐकू येते. कातडीखाली बेडूक दबा धरून बसला आहे, असे आपल्याकडच्या कुणाला तरी वाटले असणार. रोमन लोकांना त्याच जागी उंदीर दिसला. लॅटिन भाषेत 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. इंग्रजीतला 'मसल' तिथूनच आला. लिनियसने १७५८ साली घरातल्या उंदराला शास्त्रीय नाव दिले तेही 'मुस मुस्कुलुस'. त्यातला 'मुस' आणि आपला 'मूषक' एकाच जुन्या मुळातून फुटलेले. स्नायू आणि उंदीर यांची गाठ भाषेने फार पूर्वीच मारून ठेवली होती. विज्ञानाने ती पक्की केली १९९७ साली.

त्या वर्षीच्या मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणाऱ्या अलेक्झांड्रा मॅकफेरॉन, ॲन लॉलर आणि से-जिन ली या तिघांचा तो निबंध. ली यांची प्रयोगशाळा मुळात स्नायूंचे कोडे सोडवायला बसलेलीच नव्हती. पेशींना 'वाढा', 'थांबा', 'रूप बदला' असे निरोप देणाऱ्या प्रथिनांचे एक मोठे कुटुंब आहे, टीजीएफ-बीटा नावाचे. त्या कुटुंबातले अजून कुणाला न सापडलेले सदस्य हुडकणे हे त्यांचे काम. शोधता शोधता एक असे जनुक हाती लागले, जे जवळजवळ फक्त हाडांना जोडलेल्या स्नायूंतच जागे असते. त्याला नुसता क्रमांक मिळाला होता, जीडीएफ-८. त्याचे काम काय, हे कुणालाच माहीत नव्हते.

एखादी गोष्ट काय करते हे कळत नसेल तर ती काढून टाकावी आणि काय बिघडते ते पाहावे. गिरणीतला मिस्त्री हेच करतो. उंदराच्या बाबतीत ते करायला मात्र वेळ लागतो. गर्भाच्या मूळपेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. त्यांतल्या एखाद्या पेशीत नेमक्या त्या जनुकाच्या जागी निकामी मजकूर बसवायचा. ती पेशी दुसऱ्या उंदराच्या काही दिवसांच्या गर्भात सोडायची आणि तो गर्भ तिसऱ्या मादीच्या गर्भाशयात वाढवायचा. जन्मते ते पिल्लू दोन वंशांचे मिश्रण असते. त्याच्या पुढच्या पिढ्यांतून असे उंदीर निवडायचे, ज्यांच्याकडे आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशा दोन्ही प्रती निकामी आहेत. या तंत्राबद्दल मारिओ कॅपेकी, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांना २००७ साली नोबेल मिळाले. प्रयोगशाळेच्या बोलीत असे उंदीर म्हणजे 'नॉकआउट'.

जीडीएफ-८ नसलेली पिल्ले जगली आणि मोठी होता होता त्यांचे खांदे आणि पुठ्ठे रुंदावत गेले. त्यांचे वजन भावंडांपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भरले. ते चरबीचे नव्हते. एकेक स्नायू सुटा करून तोलला तेव्हा तो नेहमीच्या दुप्पट ते तिप्पट भरला. तंतूंची संख्याही वाढली होती आणि प्रत्येक तंतूची जाडीही. जनुकाला नवे नाव मिळाले, मायोस्टॅटिन. 'मायो' म्हणजे स्नायू, 'स्टॅटिन' म्हणजे थांबवणारे.

या पुस्तकाचा सारा डोलारा त्या 'थांबवणारे' या शब्दावर उभा आहे. स्नायू कशाने वाढतात, असे विचारले तर आपण दूध, डाळ, मटण, जोर-बैठका अशी नावे घेतो. शास्त्रज्ञही बराच काळ तसाच विचार करत होते, फक्त त्यांच्या यादीत संप्रेरके असत. १९८२ साली पामिटर आणि ब्रिन्स्टर यांनी घुशीच्या कुळातल्या मोठ्या उंदराचे वाढीचे संप्रेरक बनवणारे जनुक छोट्या उंदराच्या गर्भात घातले आणि राक्षसी आकाराचे उंदीर जन्माला आले, तेव्हा ही समजूत आणखी घट्ट झाली. वाढवायचे तर काहीतरी घालायचे. १९९७च्या उंदराने ते उलटे करून दाखवले. त्याला काहीही घातलेले नव्हते. त्याच्याकडून एक गोष्ट काढून घेतली होती, आणि जे वाढायला आतून तयारच होते ते वाढले. तोवरचा जवळजवळ प्रत्येक उंदीर, आणि जवळजवळ प्रत्येक माणूसही, कासरा ओढून धरलेल्या बैलासारखा चालत होता.

ही कल्पना अगदीच आकाशातून पडलेली नव्हती. विल्यम बुलो या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात मांडले होते की प्रत्येक ऊती आपल्या वाढीला आवर घालणारा पदार्थ स्वतःच तयार करत असावी. यकृताचा मोठा भाग कापला तर उरलेला वाढतो आणि जुन्या आकाराशी आला की थांबतो. कुठेतरी मोजणी चालू असल्याशिवाय हे कसे व्हावे? बुलो यांनी या कल्पित पदार्थांना कॅलोन म्हटले. पदार्थ हाती येईनात म्हणून ती कल्पना मागे पडली. मायोस्टॅटिन सापडले तेव्हा अनेकांना बुलो आठवले. विज्ञानात योग्य प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर पाहायला मिळतेच असे नाही, आणि म्हणून या पुस्तकात त्यांना एक आख्खे प्रकरण दिले आहे.

नव्या वाचकासाठी थोडे मागे जायला हवे, कारण उंदीर प्रयोगशाळेत आला कसा हे माहीत नसेल तर पुढचे बरेच निसटते. शोभेचे उंदीर पाळण्याचा छंद जपान-चीनमध्ये जुना. तो युरोप-अमेरिकेत पसरला. मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅन्बी गावात ॲबी लॅथ्रॉप नावाची बाई असे उंदीर वाढवून विके. हार्वर्डचे संशोधक तिचे गिऱ्हाईक होते आणि तिच्या नोंदवह्या कोणत्याही प्राध्यापकाला शोभतील अशा. फ्रान्समध्ये क्युएनो या जीवशास्त्रज्ञाने १९०२ साली मेंडेलचे नियम उंदरालाही लागू पडतात हे दाखवले. १९१५ साली जे. बी. एस. हाल्डेन आणि सहकाऱ्यांनी उंदराची दोन जनुके जोडीने वारशात जातात हे सिद्ध केले. हेच हाल्डेन पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. क्लॅरेन्स कुक लिटल यांनी भावा-बहिणींचे पिढ्यान्‌पिढ्या संकर करून एकसारखे वंश तयार केले आणि १९२९ साली मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा काढली. आज जगभर वापरला जाणारा काळा उंदीर, सी५७ब्लॅक, लिटल यांच्याच हातचा. एका वंशातले सगळे उंदीर एकमेकांच्या जणू प्रती असतात. म्हणूनच दोघांत फरक दिसला तर त्याचे खापर एका जनुकावर फोडता येते. जंगलातल्या उंदरावर हा प्रयोग केला असता तर मायोस्टॅटिनचा परिणाम दिसला असता, पण तो इतका स्वच्छ मोजता आला नसता.

या क्षेत्रात कामाच्या चार रीती आहेत आणि त्या एकमेकांशी नेहमी गोडीने बोलतातच असे नाही.

पहिली रीत निवड करणाऱ्यांची. हे लोक जनुकाला हात लावत नाहीत. जे गुण हवेत ते दाखवणारे उंदीर पिढीमागून पिढी जुळवत जातात आणि निसर्गाने आधीच करून ठेवलेला बदल आपोआप वर येण्याची वाट पाहतात. बर्लिनमध्ये जास्त वजन आणि जास्त प्रथिनासाठी निवडलेल्या उंदरांत एक विलक्षण पिळदार वंश निघाला, 'कॉम्पॅक्ट' नावाचा. १९९८ साली कळले की त्याच्याही मायोस्टॅटिन जनुकातून बारा अक्षरे गळाली आहेत. हे उंदीर हॉपकिन्सच्या प्रयोगाच्या आधीपासून पिंजऱ्यांत होते. उत्तर समोर होते, प्रश्न उशिरा आला.

याच रीतीतला दुसरा वंश मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार थोडे लोक बोलतात. थिओडोर गार्लंड यांनी १९९३ पासून स्वतःहून चाकावर जास्त धावणारे उंदीर निवडत नेले. पिढ्या गेल्या तशी त्यांतल्या काहींच्या मागच्या पायांचे स्नायू जवळजवळ निम्मे झाले. निम्मे! तरीही ते धावण्यात मागे पडले नाहीत. या 'मिनी-मसल' उंदरांत बदल होता तो जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंच्या एका प्रथिनाच्या जनुकात. लांब धावायचे असेल तर मोठा स्नायू म्हणजे ओझे, असे त्या चाकाने ठरवले. बेटकुळी म्हणजेच ताकद, या समजुतीला इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

दुसरी रीत जनुकापासून देहाकडे जाणारी. नॉकआउट उंदीर हा तिचा नमुना. तिसरी रीत निरोपांची वाट शोधणारी. मायोस्टॅटिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ॲक्टिव्हिन ग्राहीला चिकटते, तिथून स्मॅड नावाच्या प्रथिनांमार्फत निरोप केंद्रकात जातो. फॉलिस्टॅटिन नावाचे दुसरे प्रथिन मायोस्टॅटिनला वाटेतच धरून ठेवते. मायोस्टॅटिन नसलेल्याच उंदराला ली यांनी वरून जादा फॉलिस्टॅटिन दिले, तेव्हा स्नायू नेहमीच्या चौपट झाले (२००७). म्हणजे कासरा धरणारे एकटे मायोस्टॅटिन नव्हते. मायोस्टॅटिनशेजारी आणखी कुणीतरी तोच कासरा धरून होते, आणि तो शोध पुढे ॲक्टिव्हिन या प्रथिनापर्यंत गेला. याच वाटेच्या दुसऱ्या काठावर वाढवणारे निरोप आहेत, आयजीएफ-१ आणि एमटॉरचे. तिथे काम करणाऱ्यांना वाटते की आपलीच बाजू मुख्य.

चौथी रीत मूळपेशींची. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांना सूक्ष्मदर्शकाखाली स्नायुतंतूंच्या कडेला चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्यांना उपग्रह पेशी म्हणतात आणि जखम झाली की त्या जाग्या होतात. मायोस्टॅटिन या पेशींना झोपवून ठेवते म्हणून स्नायू वाढत नाहीत, असे एका गटाने मांडले. दुसऱ्या गटाने दाखवले की प्रौढ उंदरात मायोस्टॅटिन अडवल्यावर होणारी वाढ या पेशींच्या मदतीशिवायही होते. हा वाद पुस्तकात मी मिटवून टाकलेला नाही. दोन्ही बाजूंचे प्रयोग शेजारी शेजारी ठेवले आहेत.

उंदरात जे हेतुपुरस्सर घडवले, ते गोठ्यात केव्हाच घडलेले होते. दुहेरी स्नायूंच्या गुरांचे वर्णन इंग्लंडमधल्या जॉर्ज कली या शेतकऱ्याने १८०७ सालीच लिहून ठेवले. १९९७ सालीच कळले की बेल्जियन ब्लू गाईच्या मायोस्टॅटिनमधून अकरा अक्षरे गळालेली आहेत. जनुकाची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचतात. अकरा अक्षरे गेली की पुढचा सगळा मजकूर विस्कटतो. इटलीतल्या पिएमॉन्तेझे गुरांत एकच अक्षर बदलले आहे, पण ते नेमके प्रथिनाला घडीत धरून ठेवणाऱ्या जागी. शर्यतीच्या व्हिपेट कुत्र्यांत दोन अक्षरे गळाली आहेत. एक प्रत बिघडलेली असेल तर तो कुत्रा शर्यतीत वेगवान ठरतो, दोन्ही बिघडल्या तर पैलवानासारखा जाडजूड होतो. माणसातले पहिले उदाहरण २००४ साली बर्लिनच्या डॉक्टरांनी नोंदवले. एक मुलगा जन्मतःच पिळदार होता आणि साडेचार वर्षांचा असताना दोन्ही हात आडवे धरून तीन-तीन किलोची डंबेल्स पेलू शकत होता. मायोस्टॅटिनचा कामाचा भाग उंदीर, माणूस, डुक्कर, कोंबडी, टर्की यांच्यात अक्षरशः एकच आहे. उत्क्रांतीने जी गोष्ट इतकी जपली, ती बिनकामाची असणार नाही.

मग तिची गरज काय? माझ्या मते या विषयातला सर्वांत मोलाचा निबंध १९९७चा नाही, दहा वर्षांनंतरचा आहे. हेल्गे आमथोर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मायोस्टॅटिन नसलेल्या उंदरांच्या स्नायूंचे वजन करण्यावर समाधान मानले नाही. त्यांनी त्यांचा जोर मोजला. स्नायू फुगलेला, पण त्याच्या आकाराच्या हिशेबात जोर कमी. तंतूंमधल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका घटलेल्या आणि झटक्यात काम करून लवकर थकणारे तंतू वाढलेले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवले की या उंदरांचे स्नायुबंध लहान आणि ठिसूळ असतात. बेल्जियन ब्लू गाय तर बहुतेक वेळा स्वतः विऊ शकत नाही, पोट फाडून वासरू काढावे लागते. पिंजऱ्यात दाणापाणी आयते मिळणाऱ्या उंदराला जे परवडते, ते मांजराच्या तावडीतून निसटणाऱ्या, थंडीत उपाशी राहणाऱ्या उंदराला परवडले नसते. स्नायू पोसायला महाग असतो. मायोस्टॅटिन हा त्या खर्चावरचा हिशेबनीस.

हे सगळे आज मराठी वाचकापुढे का ठेवावे, याची माझी कारणे दोन आहेत. एक आपल्या मातीतले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांची मापे घेऊन ती इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपल्या बाळाचे सरासरी वजन २.७ किलो, तिकडच्या बाळाचे ३.५. पण ही घट सगळीकडे सारखी नव्हती. स्नायू फार कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली. या 'रोडक्या-स्थूल' बाळांचा मायोस्टॅटिनशी थेट संबंध आहे असे मी म्हणत नाही. त्यांची कारणे आईच्या आहारात, कष्टांत आणि पिढ्यांच्या उपासमारीत शोधली जात आहेत. पण जेवणानंतर रक्तातली साखर उचलून घेणारे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू, आणि ते कोठारच लहान असेल तर मधुमेह लवकर का गाठतो हे समजू लागते. मॅकफेरॉन आणि ली यांनी २००२ साली लठ्ठ होणाऱ्या वंशाच्या उंदरांतून मायोस्टॅटिन काढले तेव्हा चरबी कमी साठली आणि साखरही आटोक्यात राहिली. आता वजन घटवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचा बोलबाला आहे. त्यांनी चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून मायोस्टॅटिनची वाट अडवणारी औषधे त्यांच्या जोडीने तपासली जात आहेत. २०१९च्या डिसेंबरमध्ये ४० उंदीर अंतराळ स्थानकावर पाठवले गेले तेही स्नायू झिजण्याच्या याच प्रश्नासाठी. वजनरहित अवस्थेत साध्या उंदरांचे स्नायू झिजले, मायोस्टॅटिन नसलेल्यांचे टिकले. काश्मीरमधल्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने २०२५ साली मायोस्टॅटिन संपादित केलेले मेंढीचे कोकरू जाहीर केले. म्हणजे हा विषय आता आपल्याही कुरणात आला आहे, आणि त्यावर बोलायला आपल्याकडे शब्द हवेत.

दुसरे कारण एका मुलाचे. आमच्या ओळखीच्या एका घरात मुलगा पाच वर्षांचा असताना जिना चढताना गुडघ्यांवर हात टेकू लागला. ड्युशेन स्नायुक्षय. डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन बनत नाही आणि स्नायू तंतू-तंतूने तुटत जातात. त्याच्या आईने कुठेतरी 'शक्तिशाली उंदरां'ची बातमी वाचली आणि मला विचारले, "त्या उंदरांचं औषध याला कधी मिळेल?" मी तेव्हा जे उत्तर दिले ते अपुरे होते. हे पुस्तक म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती.

तिच्या प्रश्नामागचा आधार खरा होता. ड्युशेनचा नमुना म्हणून वापरला जाणारा एमडीएक्स उंदीर १९८४ पासून ओळखीचा. २००२ साली त्याला मायोस्टॅटिनविरोधी प्रतिपिंडे दिली तेव्हा स्नायू वाढले, जोरही वाढला. पण एमडीएक्स उंदीर डिस्ट्रोफिनशिवाय बराच काळ धडधाकट फिरतो, मुलगा नाही. लॅमिनिनच्या दोषाने होणाऱ्या दुसऱ्या स्नायुक्षयाच्या उंदरांत मायोस्टॅटिन काढल्यावर आजार सुधारला तर नाहीच, पिल्ले जास्त दगावली. माणसांवरच्या चाचण्या एकामागून एक आल्या. २००८ साली प्रौढ रुग्णांवर तपासलेले पहिले प्रतिपिंड सुरक्षित निघाले, पण स्नायूंना फायदा दिसला नाही. दुसरे औषध नाकातून, हिरड्यांतून रक्त येऊ लागल्याने २०११ साली थांबवले गेले. ड्युशेनच्या मुलांवरची आणखी एक चाचणी २०१८ साली बंद झाली. २०१७ साली एक कारण पुढे आले: स्नायुक्षयाच्या रुग्णांत मायोस्टॅटिन आधीच घटलेले असते. जो कासरा शरीराने स्वतःच सैल केला आहे तो आणखी किती सोडणार? त्यानंतर २०२४ साली वेगळ्या आजारात, मणक्यातल्या चेतापेशी झिजणाऱ्या एसएमएमध्ये, सुप्त मायोस्टॅटिनला जागे होण्याआधीच धरणाऱ्या एका प्रतिपिंडाने चालू न शकणाऱ्या रुग्णांच्या हालचालींत माफक पण मोजता येणारी सुधारणा दाखवली. त्या कुटुंबांसाठी 'माफक' हा शब्द लहान नाही.

या पुस्तकात मी ही सगळी वाट उंदराच्या बाजूने चालायचा प्रयत्न केला आहे. जिथे प्रयोग आहे तिथे तो कसा केला, किती उंदीर लागले, त्यांचे पुढे काय झाले हेही सांगितले आहे. या ज्ञानाची किंमत त्यांनी दिली आहे आणि ती वाचकापासून लपवणे मला मान्य नाही. गणित टाळलेले नाही, पण सातवी-आठवीच्या पुढचे कुठे नाही. 'उत्परिवर्तन' हा शब्द अडेल तिथे 'जनुकातला बदल' लिहिले आहे.

छापायला देण्याआधी हस्तलिखित मी त्या आईला वाचायला दिले. तिने पेन्सिलीने तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढून परत केले. दोन ठिकाणी मी परिच्छेद पुन्हा लिहिले. तिसरे प्रश्नचिन्ह शेवटच्या प्रकरणात, 'उंदराचा स्नायू इतका वाढतो, माणसाचा का नाही' या ओळीसमोर आहे. ते तसेच छापले आहे.